दोन लाखांचे बूट आणि चाळीतला कांदा



जानेवारीत नगरला सावेडीतलं ट्रेनिंग संपवून चहा घेत होतो, तेव्हा राहुरीकडचा एक मुलगा भेटायला आला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पायात पांढरे-लाल जॉर्डन, एकदम लखलखीत. म्हणाला, "सर, वडिलांना उसाचं पेमेंट आलंय. दोन लाख द्यायला तयार झालेत. दहा-बारा जोड स्नीकर घेऊन ठेवतो, भाव वाढला की विकतो. चालेल ना?"

मी विचारलं, "घरी कांद्याची चाळ आहे का?"

"आहे की."

"मग हा धंदा तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे."

तो हसला, पण मी मस्करी करत नव्हतो. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा निघतो, भाव पडलेला असतो, आपण चाळीत भरतो. दिवाळीला भाव येईल म्हणतो. येतोही कधी कधी. पण तोवर वजन घटतं, सड लागते, कोंब फुटतात, आणि नेमकं आपण गाडी भरून नेप्तीला किंवा घोडेगावला नेतो त्या दिवशी आवक वाढलेली असते. महागड्या स्नीकरच्या साठवणुकीचा धंदा अगदी हाच आहे. फरक एवढाच, की कांद्याचा लिलाव नियमित होतो आणि न विकलेला कांदा निदान घरी खाता येतो.

आधी हे भाव येतात कुठून ते बघू. १९८५ मध्ये नायकीने मायकेल जॉर्डनच्या नावाचा पहिला बूट अमेरिकेत ६५ डॉलरला विकला. तिथून पुढे कंपन्यांना एक गोष्ट कळली : बूट कमी काढा, रांग मोठी लावा. मर्यादित जोड, ठरलेला दिवस, कधी कधी चक्क सोडत. ज्याला मिळाला त्याने रांगेत मागे राहिलेल्याला जास्त पैशांत विकायचा, याला रीसेल म्हणतात. एप्रिल २०२३ मध्ये खुद्द जॉर्डनने १९९८ च्या अंतिम सामन्यांत घातलेला जोड सोदबीजच्या लिलावात २२ लाख डॉलरला गेला. अशा बातम्या रील होऊन आपल्या पोरांच्या मोबाइलवर येतात. तो जोड जॉर्डनच्या पायातला होता, हे रीलमध्ये दुसऱ्या सेकंदाला निघून जातं.

आपल्याकडेही या धंद्यात नाव कमावलेली माणसं आहेत, ते नाकारायचं कारण नाही. वेदांत लांबा या तरुणाने किशोरवयात स्नीकरवर यूट्यूब व्हिडिओ करायला सुरुवात केली आणि त्यातून मेनस्ट्रीट मार्केटप्लेस ही कंपनी उभी राहिली. मुंबईत सुपरकिक्ससारखी खास स्नीकरची दुकानं आहेत. पण नीट बघा. लांबाने आधी बघणारे जमवले, मग माल. आपला राहुरीचा गडी आधी माल जमवणार होता आणि गिऱ्हाईक देव पाठवणार होता.

आता वही काढा. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे भरा.

समजा जोड १५,००० ला घेतला आणि १९,००० ला गेला. कागदावर ४,००० सुटले. विकणारी वेबसाइट १० टक्के कमिशन घेते असं धरू, १,९०० गेले. पॅकिंग-कुरिअर ३००. राहिले १,८००. पैसे तीन महिने अडकले. सोनं ठेवून महिना १ टक्क्याने काढले असते तर व्याज ४५०. हातात १,३५०. वडिलांचे पैसे बिनव्याजी म्हणू नका, तेच पैसे बँकेत असते तर काहीतरी मिळालंच असतं.

दहातले सात जोड असे गेले तर ९,४५० मिळाले. उरले तीन. ते का उरतात? कारण बुटाला साइज असतो! ज्या मापांना मागणी, त्यांवर आधीच सगळ्यांच्या उड्या. तुमच्या हाती लागतात अगदी लहान नाहीतर अगदी मोठी मापं. सहा महिन्यांनी कंटाळून ते १२,५०० ला काढले, तर कमिशन, कुरिअर, व्याज धरून प्रत्येकी ४,९५० चा खड्डा. तीन जोडांचे १४,८५०. म्हणजे दहापैकी सात जोड नफ्यात विकूनही माणूस ५,४०० रुपये तोट्यात. हे गणित मी त्या मुलाला टपरीवरच्या बिलाच्या मागे करून दाखवलं. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला.

मग म्हणाला, "सर, उरलेले तीन ठेवून देतो ना. पाच-दहा वर्षांनी अजून महाग होतील."

इथे सडीचा विषय येतो. बऱ्याच स्नीकरच्या मधल्या जाड थरात पॉलियुरेथेन नावाचा फोम असतो. हवेतला ओलावा हळूहळू तो फोम आतून तोडतो. वर्षं गेली, की बाहेरून कोरा दिसणारा बूट पायात घालून चार पावलं टाकली तर सोल भाकरीच्या तुकड्यासारखा भुगा होऊन पडतो. गंमत म्हणजे न वापरता बंद खोक्यात ठेवलेले जोड बऱ्याचदा लवकर जातात. अधूनमधून वापरलेला बूट दाबला जातो, ओल बाहेर पडते, तो जास्त टिकतो. ईव्हीए नावाच्या फोमला हा त्रास नसतो, पण जुन्या गाजलेल्या जॉर्डनमधल्या कितीतरी मॉडेलांत पॉलियुरेथेनच आहे. म्हणून कुणी "दहा वर्षं जुना, बिनवापराचा" म्हणून विकत असेल तर आधी सोल अंगठ्याने दाबून बघा.

नकली मालाबद्दल मी आडवळणाने बोलणार नाही. "फर्स्ट कॉपी", "मास्टर कॉपी", "७ए" या नावांनी इन्स्टावर जो माल फिरतो तो बनावट आहे. गिऱ्हाइकाला सांगून विकला म्हणून तो कायदेशीर होत नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. "सगळेच विकतात सर" हे मला दर बॅचला ऐकवलं जातं. विकू देत. आणि खरा माल ओळखणं इतकं सोपं असतं तर अमेरिकेतली स्टॉकएक्स, जिचा धंदाच बूट तपासून विकण्याचा आहे, ती अडचणीत आली नसती. नायकीने लावलेल्या दाव्यात मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने ३७ बनावट जोडांच्या विक्रीसाठी तिला जबाबदार धरलं. तुम्ही घरच्या ट्यूबलाइटखाली काय ओळखणार?

दुसरी अडचण फार कमी लोकांच्या लक्षात येते : खोक्यावरची एमआरपी. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे छापील किमतीपेक्षा जास्त दराने विक्री करता येत नाही. रीसेलचा तर सगळा नफाच छापील किमतीच्या वर आहे. दुकान थाटायच्या आधी वकिलाला ही एकच गोष्ट विचारा, फी वसूल होईल. जीएसटीचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते.

आणि कृपा करून आगाऊ पैसे घेऊन "माल येणार आहे" म्हणू नका. अमेरिकेत ओरेगनमध्ये झादे किक्स नावाच्या धंद्याने एका जॉर्डनच्या ६ लाखांहून जास्त जोडांचं बुकिंग घेतलं, ७ कोटी डॉलरच्या वर पैसे गोळा केले, आणि हातात आले जेमतेम ६,००० जोड. २०२२ मध्ये मालकावर फसवणुकीचे आरोप दाखल झाले. पहिल्या दिवशी त्याचीही नियत वाईट असेल असं मला वाटत नाही. एका बुकिंगच्या पैशांतून मागचं भागवायची सवय लागली की माणूस असाच घसरतो. आपल्याकडच्या भिशीत आपण हे पाहिलंय.

मग महागडे बूट घ्यायचेच नाहीत का? घ्या ना! स्वतःच्या कमाईचे, स्वतःच्या पायासाठी. छंद म्हणून चार जोड जमवलेत तर त्यात पाप नाही. फक्त वहीत ते "गुंतवणूक" या रकान्यात लिहू नका, "खर्च" मध्ये लिहा. शिर्डीला दर्शनाला जाताना मात्र जुनी चप्पल घाला. पंधरा हजारांचा जोड चप्पल स्टँडवर ठेवून आरतीत मन लागत नाही, हे मला एका भक्तानेच सांगितलंय.

किंमत नक्की कशाची असते हे समजायला कोल्हापुरीचं उदाहरण घ्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. आरडाओरडा झाला, प्राडाने मूळ मान्य केलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांशी करार झाला. २,००० जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरो. म्हणजे ८० हजारांच्या वर! घाट तोच, पण प्राडा हे नाव जडलं की हा भाव. ते नाव प्राडाचं आहे. जॉर्डन विकून तुम्ही नायकीचं नाव मोठं करता, तुमचं नाही.

स्वतःचं नाव करायची वाट वेगळी असते. आशय भावे या मराठी तरुणाने टाकाऊ प्लास्टिकपासून स्नीकर बनवला, नाव ठेवलं "थैली". एका जोडात दहा पिशव्या आणि बारा बाटल्या. २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी त्याबद्दल ट्विट केलं आणि देशभर चर्चा झाली. पण कारखानदारी हे लगेच प्रत्येकाच्या आवाक्यातलं काम नाही, म्हणून त्या राहुरीच्या मुलाला मी तेही सुचवलं नाही.

मी त्याला विचारलं, "तुझ्या कॉलेजात आठ-दहा हजारांच्या वरचे बूट किती जणांच्या पायात आहेत?"

"आमच्याच वर्गात सात-आठ."

"ते धुतं कोण?"

तो म्हणाला, "आई."

इथे धंदा आहे मित्रांनो. आपल्या जिल्ह्यात बूट घाण व्हायला मुहूर्त लागत नाही. उन्हाळ्यात नगर-मनमाड रस्त्याची धूळ, पावसाळ्यात काळी माती, तोडणीच्या दिवसांत उसाच्या फडातला चिखल. पंधरा हजारांचा बूट वॉशिंग मशीनमध्ये टाकला, गच्चीवर कडक उन्हात वाळवला, की डिंक सुटतो आणि पांढरा सोल पिवळा पडतो. ते वाचवायला माणूस चारशे रुपये आनंदाने देतो, कारण त्याच्या जिवावर आलेलं असतं.

काम शिकण्यासारखं आहे. काळी माती ओली असताना घासायची नाही, पूर्ण वाळू द्यायची, मग मऊ ब्रशने झाडायची. नाड्या आणि आतला तळ वेगळा काढून धुवायचा. साध्या चामड्याला ओलं फडकं आणि सौम्य साबणाचा फेस चालतो. जाळीच्या कापडाला फेस लावायचा, पाणी ओतायचं नाही. स्वेड म्हणजे ते मखमली चामडं, त्याला पाणी वर्ज्य. कोरडा ब्रश आणि खोडरबर. आत कोरे कागद कोंबून सावलीत पंख्याखाली वाळवायचं. वर्तमानपत्र नको, शाई पांढऱ्या अस्तराला लागते.

सोल सुटला असेल तर ते काम स्वतः करू नका. आपल्या प्रत्येक बाजारपेठेत चर्मकार कारागीर बसलेले आहेत. जुना डिंक खरवडणं, पृष्ठभाग घासणं, योग्य चिकटद्रव्य, दाब, कडेने शिलाई, हे हातात असलेलं कसब त्यांच्याकडे पिढ्यांचं आहे. त्यांच्याकडे नाही ते तुमचं इन्स्टाचं गिऱ्हाईक. दर आधी ठरवा, पैसे त्याच दिवशी द्या, आणि कामाच्या फोटोखाली त्यांचं नाव लिहा.

हिशेब : समजा पहिल्या महिन्यात ३० जोड, प्रत्येकी ४००. आले १२,०००. साबण, ब्रशची झीज, पिशव्या जोडामागे ४० धरा, १,२०० गेले. ने-आण करायला पेट्रोल २,०००. राहिले ८,८००, घरच्या ओट्यावर बसून. सुरुवातीचं सामान पाच हजारांत बसतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते. जिल्हा उद्योग केंद्रातून कर्ज योजनेचा अर्ज करता येतो, पण माझं मत विचाराल तर पहिले शंभर जोड होईपर्यंत तिकडे फिरकू नका. आणि जोड ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे गिऱ्हाइकाला दाखवा, सही घ्या. नाहीतर आधीचा ओरखडाही तुमच्या नावावर जमा होतो.

त्या मुलाने फेब्रुवारीत सुरू केलं. पहिल्या महिन्यात अकराच जोड आले. त्यातला एक स्वेडचा त्याने गडबडीत ओल्या ब्रशने घासला, डाग पडला, आणि गिऱ्हाइकाला २,५०० रुपये भरून द्यावे लागले. महिन्याची सगळी कमाई त्यात गेली. मला फोन केला तेव्हा आवाज रडवेला होता. वडिलांचे दोन लाख अजून बँकेतच आहेत, आणि काल त्याचा मेसेज आला : स्वेडसाठी पितळी तारेचा ब्रश चांगला की रबराचा?

मी रबराचा सांगितलाय.