डॉसचे नवे बिऱ्हाड

सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जेथे छेदतो, तेथे कडोदरा हे गाव आहे. पलसाणा तालुक्यातील या टापूत रंगाई-छपाईच्या मिल आहेत, यंत्रमागांचे कारखाने आहेत. येथून पूर्वेकडे निघून बारडोली, व्यारा, सोनगड ही गावे मागे टाकली की नवापूर लागते आणि खानदेश सुरू होतो. याच दिशेने धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे कामासाठी सुरतेकडे येत राहिली. सुरत शहराच्या लिंबायत, उधना या भागांत त्यांची घरे वसली.

आता अशी कल्पना करावी, की या टापूतील एका मिलमध्ये 1996 साली एक खानदेशी कारागीर कामाला लागला, 2007 साली तो काम सोडून गावी परतला आणि आज तो 58 वर्षांचा झाला आहे. त्याच्या पगारातून फंड कापला जात होता. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे निवृत्तिवेतन मिळण्यास किमान 10 वर्षांची सेवा लागते. कामगाराला जन्मभर पुरणारा एकच खातेक्रमांक 2014 पासून मिळू लागला. त्यापूर्वी प्रत्येक मालकाकडचा क्रमांक वेगळा असे. अर्थात कामावर लागल्याच्या व कामावरून सुटल्याच्या तारखांविषयी शंका निघाली, म्हणजे मिलच्या जुन्या पगारपत्रकाचा शोध घ्यावा लागतो. ते पगारपत्रक कोठे आहे? कचेरीच्या कोपऱ्यात, धूळ खात पडलेल्या एका जुन्या संगणकात. कारकुनाच्या टेबलावर मात्र नवा कोरा लॅपटॉप आहे. जुनी आज्ञावली त्या लॅपटॉपवर उतरवून पाहिली, तर ती उघडतच नाही.

असे का व्हावे? नवे यंत्र जुन्याहून हजारो पटींनी वेगवान. मग जुने सोपे काम त्याला का जमू नये? या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातच उपायही दडलेला आहे.

त्या जुन्या संगणकावर चालणारी प्रणाली म्हणजे डॉस. 1981 साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तो याच प्रणालीसह. मायक्रोसॉफ्टने स्वतंत्रपणे विकलेली तिची शेवटची आवृत्ती 6.22 ही 1994 सालची. काळ्या पडद्यावर लुकलुकणारी एक रेघ आणि तिच्यापुढे टंकावयाची आज्ञा, एवढेच तिचे रूप. परंतु डीबेस आणि फॉक्सप्रो या साधनांवर लिहून घेतलेल्या हिशेबाच्या, हजेरीच्या व पगाराच्या आज्ञावल्या याच प्रणालीवर भारतातील असंख्य कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे चालविल्या. जुन्या प्रणालीला चिकटून राहणे हे केवळ लहान गावाचेच लक्षण आहे, असेही कोणी समजू नये. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नागरी रेल्वेसाठी 1998 साली बसविलेली नियंत्रणव्यवस्था फ्लॉपी डिस्कवरून सुरू होत असे; ती बदलण्याचा करार 2024 साली मंजूर झाला.

आता मूळ अडचणीकडे वळू. संगणकाची कळ दाबल्यावर लगेच ऑपरेटिंग सिस्टीम जागी होत नाही. आधी यंत्रातच कायम वस्तीला असलेली एक छोटी आज्ञावली जागी होते. जुन्या यंत्रांत तिचे नाव बायोस. ती डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यातील 512 बाइट उचलून स्मृतीत ठेवी आणि कारभार त्यांच्या हाती देई. पुढेही डॉस प्रत्येक कामाला बायोसलाच हाक मारी. डिस्क वाचावयाची आहे, किल्ली कोणती दाबली ते पाहावयाचे आहे, पडद्यावर अक्षर उमटवावयाचे आहे; सारे काही बायोसमार्फत. डॉस हा दिवाणखान्यात बसलेला जुना दिवाणजी मानला, तर बायोस हा त्याचा दारावरचा गडी होता. नव्या लॅपटॉपवर तो गडीच नाही. त्याच्या जागी यूईएफआय नावाची नवी व्यवस्था आली आहे आणि तिची बोली निराळी आहे. काही वर्षे यूईएफआयच्या पोटात बायोसचे सोंग घेणारा एक भाग ठेवलेला असे. इंटेल कंपनीने 2017 साली जाहीर केले, की 2020 पर्यंत तो भागही काढून टाकावयाचा आहे. अशा यंत्रावर दिवाणजी हाका मारीत राहतो आणि ओ द्यावयास कोणी येत नाही.

गंमत अशी की, यंत्राचा मेंदू म्हणजे प्रोसेसर तेवढा विसराळू झालेला नाही. इंटेल आणि एएमडी यांचे प्रोसेसर कळ दाबल्यावर अजूनही क्षणभर त्या जुन्या 16 बिटांच्या रीतीनेच जागे होतात. मेंदूला जुनी भाषा येते. तिच्यात बोलणारे मध्यस्थ मात्र नाहीसे झाले आहेत.

दुसरी अडचण विंडोजची. 32 बिटांच्या विंडोजमध्ये डॉसच्या आज्ञावल्यांसाठी एक वेगळी खोली राखून ठेवलेली असे. 64 बिटांच्या विंडोजमध्ये ती खोली नाही. 2021 साली आलेले विंडोज 11 हे केवळ 64 बिटांचेच आहे आणि विंडोज 10 ला मिळणारा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. म्हणजे हा आडमार्गही बंद होत आला.

तिसरी अडचण अवयवांची. डॉस 6.22 ला डिस्कचा एक भाग फार तर 2 जीबीचा मानता येतो. लॅपटॉपची डिस्क 512 जीबीची असते. डॉस छपाईसाठी 25 टाचण्यांच्या समांतर जोडणीकडे पाहते. लॅपटॉपला ती जोडणीच नसते. कित्येक आज्ञावल्यांची चोरी होऊ नये म्हणून त्याच जोडणीत एक लहानसे कुलूप खोचलेले असे. त्यावाचून आज्ञावली चालत नसे. अतिवेगही क्वचित बाधतो. बोर्लंड पास्कलमध्ये रचलेल्या अनेक आज्ञावल्या आरंभीच यंत्राचा वेग मोजीत. यंत्र फार वेगवान निघाले की त्यांचा भागाकार चुके आणि त्या जागच्या जागी बंद पडत.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्या कचेऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न असे. डॉसला देवनागरी ठाऊक नव्हती. पुण्यात 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने ‘जिस्ट’ नावाचे कार्ड प्रचारात आणले. त्या तंत्राचा पाया कानपूरच्या आयआयटीत घातला गेला होता. हे कार्ड संगणकाच्या पोटातील खाचेत बसविले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. लॅपटॉपला ती खाच नाही.

या सर्व अडचणींचे मर्म मागावर काम करणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. जुन्या जॅकार्ड मागावर साडीच्या काठाची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठविलेली असे. प्रत्येक पुठ्ठा त्या फेकीला ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे, ते सांगे. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले आणि पुठ्ठा अडकविण्याची जागाच उरली नाही. म्हणून नक्षी नासली काय? नाही. ती पुठ्ठ्यावर जशीच्या तशी होती. फक्त ती वाचणारी यंत्रणा बदलली होती. जाणत्या कारखानदाराने पुठ्ठे रद्दीत घालण्यापूर्वी नक्षी उतरवून घेतली. पगारपत्रकाचेही तसेच आहे. जपावयाची आहे ती नोंद, डबा नव्हे.

मग करावे काय? सर्वांत आधी नक्कल. जुना संगणक पुनःपुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. जीर्ण डिस्क नेमकी अशाच वेळी दगा देते. डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या यंत्रास लावावी आणि तिची आरंभापासून अखेरपर्यंत हुबेहूब प्रतिमा घ्यावी. या प्रतिमेच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. पुढचे सर्व प्रयोग प्रतीवर करावेत, मुळावर नव्हे.

दुसरे पाऊल म्हणजे डॉसला नव्या यंत्रात भाडोत्री खोली करून देणे. डॉसबॉक्स-एक्स यासारखी आज्ञावली विंडोजच्या आत एक संपूर्ण जुना संगणक उभा करते. त्यात बायोस असतो, जुना पडदा असतो, समांतर जोडणीही असते. दिवाणजीला हवा तो गडी तेथे पुन्हा दारात उभा राहतो. डॉसने छपाईसाठी धाडलेला मजकूर ती विंडोजच्या छपाईयंत्राकडे वळविते आणि यंत्राचा वेगही कमी करून देते. व्हर्च्युअलबॉक्स हाही असाच एक पर्याय. त्यात फ्रीडॉस ही मोफत प्रणाली बसविता येते. जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने 1994 साली तिचा संकल्प सोडला, 2006 साली तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली आणि 2025 साली 1.4 ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिला मोठी डिस्कही ओळखता येते. जुन्या कुलपाचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. त्यासाठी आज्ञावली लिहून देणाऱ्यालाच गाठावे लागते. फ्रीडॉस लॅपटॉपवर थेट बसविण्याचा हट्ट धरू नये. बायोसचे सोंग घेणारा भाग ज्या यंत्रात शिल्लक आहे, तेथेच ते साधते. शिवाय डॉसमध्ये सुरक्षिततेची काहीच व्यवस्था नाही. ती बंद खोलीतच बरी.

तिसरे पाऊल सर्वांत महत्त्वाचे आणि बहुधा तेच राहून जाते. खोली भाड्याची आहे, हे विसरू नये. उद्या विंडोज बदलेल, परवा डॉसबॉक्स बदलेल. म्हणून आज्ञावली चालू झाली एवढ्यावर समाधान न मानता तिच्यातील नोंदी बाहेर काढाव्यात. डीबेस आणि फॉक्सप्रो यांच्या नोंदी ‘डीबीएफ’ प्रकारच्या फाइलींत असतात. लिब्रेऑफिस या मोफत साधनात त्या सरळ उघडतात. त्यासाठी डॉस लागत नाही, कुलूपही लागत नाही. कित्येक कचेऱ्यांची निम्मी चिंता येथेच मिटावी. जिस्टमधील मराठी मजकूर इस्की या संकेतात असतो. त्याचे भारतीय मानक 1991 सालचे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधारानेच झालेली. त्यामुळे एकातून दुसऱ्यात रूपांतर होऊ शकते.

रूपांतर झाल्यावर तपासणी हवी. जुन्या व नव्या यादीतील नावांची संख्या जुळते काय, कोणत्याही एका महिन्याच्या पगाराची बेरीज पैशापर्यंत मिळते काय, हे पाहावे. सालाकडे विशेष लक्ष द्यावे. जागा वाचविण्यासाठी त्या काळी साल दोनच अंकांत लिहीत. 96 म्हणजे 1996 आणि 07 म्हणजे 2007, हे माणसाला कळते; यंत्र मात्र 07 हे 96 च्या आधीचे समजून बसते. अकरा वर्षांच्या नोकरीची अशी उलटापालट झाली, तर त्या कारागिराचे निवृत्तिवेतन दोन अंकांपायी अडेल.

जीएसटीचा कायदा हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावयास सांगतो. सहा वर्षांनी व्यापाऱ्याची जबाबदारी संपत असेल. कामगाराची गरज तेव्हा नुकतीच सुरू होत असते. नोकरी सोडून वीस वर्षे लोटल्यावर, केस पिकल्यावर, तो कागदाच्या एका तुकड्यासाठी नवापूरहून बस पकडून पुन्हा कडोदऱ्याला येतो. त्या वेळी कचेरीतील कारकुनाला “जुना संगणक भंगारात गेला, बाबा” असे म्हणावे लागू नये. नक्कल घेण्याचे आणि नोंदी उतरविण्याचे काम फार तर चार दिवसांचे आहे. ते जुने यंत्र अजून सुरू होत आहे, तोवरच उरकले पाहिजे.