माणसं पारखणारा माणूस निवडताना

आइस हॉकीच्या सामन्यात ज्याचं काम डोळ्यांना दिसतच नाही, असा माणूस म्हणजे संघाचा जनरल मॅनेजर. बाकामागे उभा राहून ओरडतो तो कोच. जीएम वर कुठेतरी काचेआड बसलेला असतो. पण बर्फावर कोण उतरणार, त्याला किती वर्षांचा करार द्यायचा, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं, हे सगळं त्यानेच कधीतरी ठरवून ठेवलेलं असतं. आणि एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या हॉकी लीगमधल्या बत्तीसही संघांना पगाराची मर्यादा एकच. २०२१-२२ च्या हंगामात ती ८ कोटी १५ लाख डॉलर होती. मालक कितीही गडगंज असला तरी त्यापलीकडे त्याची श्रीमंती कामाला येत नाही. मग उरते ती पारख.

ही पारख असलेला माणूस पारखायचा कसा? मला हा प्रश्न खेळाइतकाच थरारक वाटतो, आणि मॉन्ट्रियलइतका तो कुठेच रंगत नाही.

मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा १९०९ साली जन्मलेला, २४ वेळा स्टॅनली कप, म्हणजे या खेळातला सर्वोच्च चषक, जिंकलेला संघ. पण शेवटचा कप १९९३ चा. २०२१ च्या जुलैत संघ अंतिम फेरीत पोहोचून हरला आणि नव्या हंगामात थेट तळाला गेला. २८ नोव्हेंबरला जीएम मार्क बर्जव्हिन यांना निरोप देण्यात आला.

त्या खुर्चीत सॅम पोलॉक बसून गेलेत. १९६४ ते १९७८ या काळात त्यांनी नऊ कप जिंकून दिले. तेव्हा तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, पहिला हक्क मिळे. पोलॉक यांनी १९७० मध्येच कॅलिफोर्नियाच्या दुबळ्या सील्स संघाकडून त्यांचा १९७१ चा हक्क पदरात पाडून घेतला. पण आता सील्स तळाला जायला हवेत! लॉस एंजेलिसचा संघ त्यांच्याहून खाली घसरतोय असं दिसताच पोलॉक यांनी आपला अनुभवी राल्फ बॅकस्ट्रॉम लॉस एंजेलिसला देऊन टाकला. तो संघ सावरला, सील्स शेवटचे आले आणि मॉन्ट्रियलने गी लाफ्लर उचलला. पुढे त्याच्यासह पाच कप आले. ही चाल मुद्दाम खेळलेली होती, असं हॉकीवाले आजही सांगतात. मी ही गोष्ट जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा बुद्धिबळाचा पट समोर मांडल्यासारखं वाटतं.

शिवाय फ्रेंच बोलणाऱ्या मॉन्ट्रियलमध्ये जीएमला फ्रेंच यायलाच हवं. २०११ च्या डिसेंबरात फक्त इंग्रजी बोलणारा हंगामी कोच नेमला, तर चाहते स्टेडियमबाहेर निदर्शनांना उभे राहिले. आपल्या संघाने आपल्याशी आपल्या भाषेत बोलावं, ही मागणी मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पण या अटीमुळे उमेदवारांची यादी फार आखूड होते. मालक जेफ मोल्सन यांनी त्यावर छान तोड काढली. न्यूयॉर्क रेंजर्सचे माजी जीएम, फ्रेंच न बोलणारे अमेरिकन जेफ गॉर्टन यांना वरच्या पदावर आणलं आणि त्यांच्या जोडीला फ्रेंच जाणणारा जीएम शोधायचा असं ठरवलं. एका माणसात जे सापडेना, ते दोघांत वाटून घेतलं.

१८ जानेवारी २०२२ ला नाव जाहीर झालं: केंट ह्यूज. संघाच्या इतिहासातले अठरावे जीएम. त्यांनी कुठल्याही संघाच्या कचेरीत कधी काम केलेलं नव्हतं. ते खेळाडूंचे एजंट होते. पॅट्रिस बर्जरॉन, क्रिस लटँग यांच्यासारख्यांसाठी संघांशी घासाघीस करणारे. टेबल तेच, खुर्ची मात्र समोरची.

कामही विलक्षणच वाट्याला आलं. कर्णधार शे वेबर दुखापतींमुळे पुन्हा खेळण्याची शक्यता जवळपास संपली होती, पण त्याचा १४ वर्षांचा, ११ कोटी डॉलरचा करार अजून चालूच होता. जूनमध्ये ह्यूज यांनी तो करार वेगासच्या संघाला दिला आणि बदल्यात खेळणारा माणूस घेतला! वेगासने तो का घ्यावा? कारण दीर्घकाळ जखमी असलेल्या खेळाडूच्या पगाराइतका खर्च मर्यादेपलीकडे करायची तेव्हा मुभा होती. न खेळणाऱ्या खेळाडूलाही बाजारात किंमत असते, हे कळल्यावर मी बराच वेळ थक्क होतो.

आणि मग जुलैतला ड्राफ्ट, तोही मॉन्ट्रियलमध्येच, घरच्या गर्दीसमोर. सगळीकडे चर्चा शेन राइट या पोराची असताना ह्यूज यांच्या संघाने पहिलं नाव घेतलं स्लोव्हाकियाच्या युराय स्लाफकोव्स्कीचं. मला मात्र त्या ड्राफ्टमधलं वेगळंच एक नाव मोहवतं. लेन हटसन, अंगाने लहानखुरा बचावपटू. त्याचं नाव आलं बासष्टाव्या क्रमांकावर. म्हणजे त्याच्याआधी एकसष्ट वेळा दुसऱ्याच कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं, आणि त्यात तीन वेळा खुद्द मॉन्ट्रियलनेच! पहिल्या, सव्विसाव्या आणि तेहेतिसाव्या निवडीला त्यांनीही दुसरीच पोरं घेतली. २०२५ मध्ये हटसन साऱ्या लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला.

एजंटला जीएम करणं मला धाडसापेक्षा शहाणपणाचं वाटतं. कोवळ्या पोरांना, त्यांच्या आईबापांना, त्यांच्या भीतीला इतकी वर्षं जवळून पाहिलेला माणूस दुसरा कुठला मिळणार?

२०२५ च्या एप्रिलमध्ये मॉन्ट्रियल पुन्हा प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, पोहोचलं. कर्णधार होता निक सुझुकी, त्या हंगामात संघासाठी सर्वाधिक गुण मिळवणारा. त्याला १९ वर्षांचा असताना, २०१८ मध्ये, वेगासकडून मॉन्ट्रियलला आणलं होतं मार्क बर्जव्हिन यांनी.