गुणपत्रिकेच्या पलीकडचा अर्ज

परदेशी शिष्यवृत्ती हे हुशार मुलांचं बक्षीस आहे, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. त्यामुळे साठ-पासष्ट टक्क्यांचा पदवीधर त्या वाटेला जात नाही आणि विद्यापीठात पहिला आलेला नाकारला गेला, की त्याला अन्याय झाल्यासारखं वाटतं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज नीट वाचला तर दोघांचाही गैरसमज दूर व्हावा. १९८३ साली सुरू झालेली ही योजना एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची फी, दरमहा निर्वाहभत्ता आणि विमानभाडं देते. तिथल्या विद्यापीठात प्रवेश मिळेल इतपत चांगली पदवी लागतेच. पण त्यानंतर विचारलं जातं ते कामाबद्दल. २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा अनुभव हवा. त्यात स्वयंसेवी कामही धरतात. मग निबंध: नेतृत्व, लोकांशी जोडलेले संबंध, ब्रिटनमध्येच का शिकायचं आणि शिकून पुढे काय करणार. वयाची अट नाही. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्ती तर तीन वर्षांचा अनुभव मागते. ही रीत जुनीच आहे. ऱ्होड्स शिष्यवृत्ती सुरू करणाऱ्या, १९०२ साली वारलेल्या सेसिल ऱ्होड्सच्या मृत्युपत्रातही विद्वत्ता हा अनेक निकषांपैकी एक होता. मैदानी खेळ, चारित्र्य आणि पुढाकार घेण्याची वृत्ती यांनाही स्थान होतं. (स्त्रियांना मात्र त्या शिष्यवृत्तीची दारं १९७७ पर्यंत बंद होती, निकष कितीही उदात्त असले तरी ते कोणासाठी आहेत हे तपासावं लागतं.)

तेव्हा इथे कस लागतो तो केलेलं काम सांगता येण्याचा, आणि आपले उमेदवार अडखळतात ते नेमके इथे. तालुक्याच्या गावी वाढलेल्या मुलाकडे सांगण्यासारखं कमी नसतं. टँकरच्या पाळ्या लावणं, शाळा सोडलेल्या मुलींच्या घरी जाऊन बापाला राजी करणं, ग्रामसभेत सरपंचाला हिशेब विचारणं, हे नेतृत्व नाही तर काय? पण आपलं शिक्षण त्याला अहवालाची भाषा शिकवतं. ‘शिबिर उत्साहात पार पडले, सर्वांचे सहकार्य लाभले.’ या वाक्यात माणूसच नाही. विरोध कोणी केला, निर्णय कोणाचा होता, सहा महिन्यांनी काय उरलं, यातलं काहीच निवड समितीला कळत नाही. वर ‘स्वतःची टिमकी वाजवू नये’ हा संस्कार. सभ्यता म्हणून तो चांगलाच, पण अर्जात तो माहिती दडवतो. शिफारसपत्राचीही तीच गत. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणारे प्राध्यापक दुर्मिळ नाहीत. असं पत्र विद्यार्थ्याच्या कामाला साक्षीदार देत नाही. त्यापेक्षा मोठ्या हुद्द्याचा नाद सोडून, प्रत्यक्ष काम पाहिलेल्या माणसाला गाठावं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की अखेर हे सगळं इंग्रजीचं भांडण आहे, कॉन्व्हेंटवाला जिंकणार. यात तथ्य आहे, नाही कसं? पण गुळगुळीत इंग्रजी आता पैशाने, किंवा फुकट यंत्राकडूनही मिळतं. त्यामुळे नुसत्या गुळगुळीतपणाची किंमत घटत जाणार. निबंधात ज्याचा दावा केला त्याचा तपशील मुलाखतीत विचारला जातो, तिथे उसना मजकूर उघडा पडतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या राजू केंद्रे यांना २०२१ साली चेव्हनिंग मिळाली. त्यांनी उभी केलेली एकलव्य संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अशा अर्जांसाठी मार्गदर्शन करते. हेही क्लासच झाले की, असं कोणी म्हणेल. मार्गदर्शकाने मजकूर लिहून दिला तर ते म्हणणं खरं. त्याने उलटसुलट प्रश्न विचारून उमेदवाराकडून तपशील काढून घेतला, तर शहरातल्या सुशिक्षित घरात जेवताना आपोआप घडतं तेवढंच तो करत असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ब्रिटनचं परराष्ट्र खातं आपल्या मुलांवर पैसा खर्च करतं ते उगाच नव्हे; त्याला जगभर मित्र हवे आहेत. खरंय, आणि ते हे लपवतही नाही. पण हेतू ठेवून दिलेल्या शिष्यवृत्तीचं पुढे काय होतं हे देणाऱ्याच्या हाती राहत नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा परतून बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झालेही. पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना आणि त्यांना शहर सोडावं लागलं. चेव्हनिंगचीही अट आहे, की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं. पळून जाणाऱ्यांना बांधून ठेवण्यासाठी ती पुरेशी नाही, असं म्हणणारे बडोद्याचा प्रसंग विसरतात. परतलेल्या माणसाला जागा आणि काम हवं, नाहीतर करार कागदावर राहतो.

म्हणून पुढच्या वाटचालीचा निबंध मला सगळ्यांत अवघड वाटतो. ‘देशसेवा करीन’ हे उत्तर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी काम करायचं तर कोणत्या जिल्ह्यात, कोणाच्या हाताखाली, पगार कोण देणार, आणि तिथे आज नेमकं काय अडलंय जे लंडनला किंवा लीड्सला शिकून सुटेल, हे लिहावं लागतं. त्यासाठी आधी त्या खात्यातल्या माणसांना भेटावं लागतं. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये खुले होतात आणि दोनेक महिन्यांत मुदत संपते. यंदाची मुदत उलटून गेली असेल, तर पुढच्या ऑगस्टपर्यंत अशा भेटीगाठींना पुरेसा वेळ आहे.