शेजारच्या वर्गातल्या बाई

समजा, चौथीच्या ‘अ’ तुकडीवर एक उत्तम शिक्षिका रुजू झाल्या. ‘ब’ तुकडीचे सर तेच, पुस्तक तेच, मुलंही तीच. नव्या बाई तिकडे एकही तास घेत नाहीत. तरीही ‘ब’ तुकडीचं गणित सुधारतं!

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात नेमकं हेच आढळलं. किराबो जॅक्सन आणि इलायस ब्रूगमन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांचे अनेक वर्षांचे निकाल तपासले आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच इयत्तेला शिकवणारे सहकारी चांगले लाभले, की शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गाची प्रगती वाढत होती. नवख्या शिक्षकांना याचा लाभ अधिक झाला. मी थक्क झालो ते पुढचं वाचून: हा परिणाम नंतरच्या वर्षांतही टिकला होता. म्हणजे ती तात्पुरती चुरस नव्हती. शिक्षक एकमेकांकडून शिकले होते.

कसं शिकले असतील? वजाबाकी करताना मूल हातचा विसरतं, तेव्हा त्याच्या मनात काय चाललेलं असतं, हे पाठ्यपुस्तकात छापलेलं नसतं. वर्षानुवर्षं वह्या तपासणाऱ्या बाईंना ते ठाऊक असतं. कुणी विचारलं तरच ते बाहेर येतं, आणि विचारायचं म्हणजे आधी मान्य करायचं, ‘बाई, माझ्या वर्गाला हे कळलेलं नाही.’ ज्या शिक्षक खोलीत असं वाक्य उच्चारायची भीती वाटते, तिथे हे ज्ञान एका माणसापाशीच राहतं आणि निवृत्तीबरोबर शाळेतून निघून जातं.

शिकागोत अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी १९९०च्या दशकात अशी कबुली देता येण्यासाठी लागणाऱ्या विश्वासाचा माग काढला. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्यात भक्कम विश्वास असलेल्या शाळांपैकी साधारण दोनांतली एक सुधारत होती. विश्वास सतत कमी असलेल्यांपैकी सातांतली एक. सुधारणाऱ्या शाळेत विश्वासही आपोआप वाढतो, त्यामुळे सगळं श्रेय त्यालाच देता येणार नाही. पण एवढी तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नक्कीच नाही.

शार्लट शहर परिसरातल्या शाळांचा मॅथ्यू क्राफ्ट आणि जॉन पपे यांचा २०१४चा अभ्यास तर अनुभवाबद्दलची आपली समजूतच हलवतो. शिस्त, सहकार्य आणि मुख्याध्यापकांचा आधार असलेल्या शाळांतले शिक्षक दहा वर्षांत, तसं वातावरण नसलेल्या शाळांतल्या शिक्षकांपेक्षा ३८ टक्के अधिक सुधारले. सेवेची वर्षं सारखी, पण माणूस घडला वेगळा.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधले, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातले, वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, ते एकमेकांकडून शिकण्याच्या याच ओढीने. पण रोजच्या शिकण्यासाठी एवढा प्रवास कशाला हवा? मुख्याध्यापकांनो, वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका अशी ठेवा, की एका शिक्षकाला दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसता येईल. आणि त्या तासाचा शेरा कुठल्याही नोंदवहीत लिहू नका.