न वाचता येणाऱ्या पोथीतले आकाश

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयात ४०८ क्रमांकाचे एक हस्तलिखित आहे. वासराच्या कातड्यापासून केलेल्या चर्मपत्राची सुमारे २४० पृष्ठे, बहुतेक पृष्ठांवर चित्रे आणि सगळा मजकूर आजवर कोणालाही वाचता न आलेल्या लिपीत. विल्फ्रिड व्हॉयनिच या जुन्या ग्रंथांच्या व्यापाऱ्याने १९१२ मध्ये ते इटलीत विकत घेतले, म्हणून त्याला व्हॉयनिच हस्तलिखित म्हणतात. २००९ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात कार्बन-१४ पद्धतीने चर्मपत्राचे वय काढले. ते १४०४ ते १४३८ या काळातले ठरले. शाई त्यानंतरची असू शकेल, त्याआधीची असू शकत नाही.

मजकूर वाचता येत नसला तरी काही पृष्ठे आकाशाविषयी आहेत हे शाळेतले मूलही सांगेल. त्यांत सूर्य आहे, चंद्र आहे, तारे आहेत, राशीही आहेत. मग नुसत्या चित्रांवरून अर्थ लावता येईल का? डहाणू-तलासरीकडच्या शिक्षकांना हा प्रश्न परका वाटू नये. त्यांच्या शाळेभोवतीच्या पाड्यांवर लग्नघराच्या भिंतीवर जो चौक काढतात, त्यातही सूर्य-चंद्र असतात.

एक फसलेले वाचन

अर्थ लावताना कसे चुकता येते, हे आधी पाहू. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम न्यूबोल्ड यांनी १९२१ मध्ये जाहीर केले, की हे हस्तलिखित तेराव्या शतकातील इंग्रज पंडित रॉजर बेकन याचे आहे. त्यातील एका चक्राकार आकृतीत त्यांना देवयानी तारकासमूहातील सर्पिल दीर्घिका दिसली. त्यावरून बेकनजवळ दुर्बीण असली पाहिजे, असे अनुमान निघाले.

आता पडताळा घेऊ. देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते. ती आपल्याला तिरकी दिसते, समोरून गोल नव्हे. दुर्बिणीचा वापर १६०८ नंतर सुरू झाला, आणि दुर्बीण आल्यावरही या दीर्घिकेचे सर्पिल रूप कळायला १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी घेतलेले छायाचित्र लागले. म्हणजे न्यूबोल्ड यांनी त्या आकृतीत पाहिले ते त्यांच्याच काळातले आकाश. अक्षरांच्या कडेच्या ज्या सूक्ष्म रेघांना ते सांकेतिक लिपी समजले, त्या वाळलेल्या शाईला पडलेल्या भेगा होत्या, असे जॉन मॅन्ली यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. चर्मपत्राचे वय कळल्यावर तर बेकनचा प्रश्नच उरला नाही. तो १२९२ च्या सुमारास वारला होता.

मोजता येते तेवढे

राशींच्या पृष्ठांवर मात्र आपल्या पायाखाली थोडी घट्ट जमीन आहे. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यभागी राशीचे चिन्ह आणि भोवती मानवी आकृत्यांची वलये आहेत. प्रत्येक आकृतीजवळ एक तारा आहे. बहुतेक राशींना अशा ३० आकृत्या आहेत. मेष आणि वृषभ यांच्या मात्र प्रत्येकी १५-१५ च्या दोन वर्तुळांत वाटल्या आहेत. मकर आणि कुंभ नाहीत. तिथले पान गहाळ झाले आहे.

३० हा आकडा काय सांगतो? एक शक्यता महिन्याच्या दिवसांची, दुसरी राशीच्या अंशांची. बारा राशी गुणिले ३० म्हणजे ३६०. वर्ष ३६५ दिवसांचे, वर्तुळ ३६० अंशांचे. प्रत्येक अंशाला एक चित्र देण्याची पद्धत त्या काळच्या युरोपात होती. १४८८ मध्ये छापलेल्या एका ज्योतिषग्रंथात अशी ३६० चित्रे आहेत. त्यामुळे अंशांकडे पारडे झुकते, पण महिना ढोबळपणे ३० दिवसांचा धरण्याची सवयही जुनीच. गणिताने शक्यता कमी केल्या. निकाल मात्र दिला नाही.

दुसरी खूण अशी, की राशींची सुरुवात मेषेने न होता मीनेने होते आणि मीन राशीजवळ मार्च महिन्याचे नाव लिहिलेले आहे. हे बरोबर जुळते. १५८२ च्या पंचांगसुधारणेपूर्वी, पंधराव्या शतकात, वसंतसंपात ११ मार्चच्या सुमारास येई. म्हणजे १ मार्चला सूर्य सायन मीन राशीत असे. पण महिन्यांची ही नावे ओळखीच्या रोमन लिपीत आणि वेगळ्या हातची, बहुधा नंतर लिहिलेली आहेत. तेव्हा ती कर्त्याची साक्ष म्हणता येत नाही. आधीच्या एका वाचकाचे मत एवढेच त्यांचे मोल.

एका आकृतीत सात ताऱ्यांचा पुंजका आहे. त्या कृत्तिका असाव्यात असे अनेकांना वाटते. वाटणे गैर नाही. पण नकाशात कृत्तिका ओळखायच्या तर शेजारी योग्य जागी रोहिणी हवी. ही आकृती सारख्या भागांत वाटलेली सजावटीची आहे, अंतरे मोजून काढलेला नकाशा नव्हे. तेव्हा ‘कृत्तिका असू शकतील’ इथेच थांबावे लागते.

आपल्याकडचे सूर्य-चंद्र

उत्तर कोकणात शिलाहारांच्या काळातील गद्धेगाळ नावाचे दानशिलालेख सापडतात. शिळेच्या माथ्यावर सूर्य-चंद्र, मधे लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या शिवीचे शिल्प. लेख वाचता आला नसता तर कोणी म्हणाला असता, की हे ग्रहण आहे किंवा अमावास्या आहे. पण अशा दानलेखांची भाषाच सांगते, की सूर्य-चंद्र असेतोवर हे दान चालावे. येथे चित्र आकाशाचे आहे, पण घटना आकाशातली नाही. सूर्य-चंद्र मुदतीची खूण आहेत.

वारली चौकात लेख नाही. कुडाच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात फिरवून सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हो, तिथे चौक ‘लिहितात’ असेच म्हणतात. मधे पालघट देवी. चौकात सूर्य, चंद्र, शिडी, फणी. या खुणांचा अर्थ चित्रात कोरलेला नाही. तो लिहिणाऱ्या सवासिनींच्या आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यात आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. पण कागद मुंबईत किंवा परदेशात भिंतीवर लागला की गाणे पाड्यावरच राहते. गाणे विसरले गेले तर चौकाचेही व्हॉयनिच हस्तलिखित होईल. चित्र शाबूत आणि वाचणारा कोणी नाही.

वर्गात काय करता येईल?

मुलांना आपापले आकाश एका वर्तुळात काढायला सांगावे, नावे न लिहिता. मग कागद अदलाबदल करून प्रत्येकाने तीन रकाने भरावेत: काय दिसते, त्यावरून काय वाटते, आणि काढणाऱ्याला विचारल्यावर काय कळले. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातले अंतर मुलांना बरेच शिकवून जाईल.

पुढची पायरी घरची. आजी-आजोबांना विचारून ताऱ्यांची नावे, गोष्टी आणि पेरणीशी असलेला संबंध त्यांच्याच शब्दांत लिहून आणावा. सांगणाऱ्याचा पाडा आणि तारीख नोंदवावी. मग आकाशात पडताळा पाहावा. कृत्तिका नोव्हेंबरात तिन्हीसांजेनंतर पूर्वेला दिसतात, मे महिन्याच्या उत्तरार्धात सूर्याच्या तेजात लपतात आणि जूनमध्ये, ढगांनी दिसू दिल्या तर, पहाटे पुन्हा उगवतात. असे काम आपल्याकडे झाले आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सप्तर्षींतले चार तारे म्हणजे खाट आणि शेपटीचे तीन तारे ती पळवणारे चोर, हे त्यांना चित्रावरून कळले नाही. त्यांनी विचारले, आणि लोकांनी सांगितले.

येल येथील पोथीचा कर्ता आता काही सांगणार नाही. चौक लिहिणाऱ्या सवासिनी आणि धवलेरी सांगू शकतात. शाळेतल्या मुलांना त्यांची भाषा येते. वही आणि पेन्सिलही त्यांच्या हाताशी आहे.