मोबाईलमधली शिल्लक जुळत नाही तेव्हा

रमजान जवळ आला की घरोघरी जकातीचा हिशेब निघतो. पूर्वी तो वहीत असायचा. आता बऱ्याच घरांत तो मोबाईलमधल्या ॲपमध्ये किंवा संगणकावरच्या ग्नूकॅशसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये असतो. आणि नेमका त्याच दिवसांत ॲप एक शिल्लक दाखवते, पासबुक दुसरी. मग ‘इतर खर्च’ अशी एक नोंद टाकून आकडा जुळवून घेतला जातो. आम्हाला ही वाट बरी वाटत नाही. जकात म्हणजे आपल्या मालात असलेला दुसऱ्याचा हक्क. तो ज्या आकड्यावरून काढायचा, तोच अंदाजाने बसवला तर हक्कही अंदाजानेच पोहोचणार. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत, कुरआन शरीफातील सर्वांत मोठ्या आयतीत, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे, तेही बिनचूक.

चूक शोधायला फार वेळ लागत नाही, मात्र सुरुवात योग्य जागेवरून हवी. आजच्या तारखेपासून मागे जाऊ नका. ॲप आणि पासबुक ज्या दिवशी शेवटचे जुळत होते तो दिवस शोधा आणि तिथून पुढे या. एकदाही जुळले नसेल तर सुरुवातीची शिल्लकच भरायची राहिली असे समजा. फरकाचा आकडाही बोलका असतो. तो 9 ने पूर्ण भागला गेला तर बहुधा अंक उलटसुलट झाले आहेत: 3,850 च्या जागी 3,580 लिहिले की फरक 270 येतो. फरक 1,200 असेल तर 600 रुपयांची एखादी नोंद खर्चाऐवजी जमेत गेली आहे का, ते पाहा.

बँकेचे मेसेज वाचून आपोआप नोंद करणाऱ्या ॲपमध्ये वेगळाच घोळ होतो. एटीएममधून काढलेले 5,000 ते खर्च म्हणून धरते आणि त्याच पैशांतून घेतलेले मटण, भाजी आपण पुन्हा हाताने लिहितो. खर्च दुप्पट. एटीएमची रक्कम ‘खर्च’ नव्हे, बँकेतून घरच्या रोख खात्यात झालेली ‘बदली’ आहे. नवऱ्याच्या खात्यातून बायकोच्या खात्यात गेलेले पैसेही तसेच. बँकेच्या स्टेटमेंटची फाईल सॉफ्टवेअरमध्ये ओढताना तारखेचा क्रम ‘दिवस-महिना-वर्ष’ असाच निवडा. नाहीतर 5 एप्रिलचा व्यवहार 4 मे रोजी जाऊन बसतो.

सगळ्यांत महागात पडते ती भिशी. दरमहा 5,000 भरले की बहुतेक घरांत ते खर्चाखाली जातात. पण तो खर्च नाही, आपले येणे आहे. आठ महिने भरून भिशी अजून लागली नसेल तर 40,000 रुपये लोकांकडे आहेत आणि अडीच टक्क्यांनी त्यावरची जकात 1,000 रुपये होते. भिशी आधीच उचलली असेल तर उलट, राहिलेले हप्ते आपले देणे. भावाला किंवा शेजाऱ्याला दिलेले कर्ज-ए-हसनाही याच जातीचे. यासाठी ‘येणे’ आणि ‘देणे’ अशी दोन स्वतंत्र खाती उघडा. देणे जकातीच्या रकमेतून वजा करावे की नाही, याचा मसला हनफी आणि शाफई घरांत सारखा नाही. कोकणातल्या आणि घाटावरच्या पाहुण्यांत यावर दरवर्षी चर्चा रंगतेच! आपल्या आलिमांना विचारा, पण विचारायला जाताना आकडा वेगळा काढलेला असावा. बँकेच्या व्याजालाही निराळे खाते द्या, म्हणजे ते बाजूला काढणे सोपे जाते.

ग्नूकॅशमध्ये दोन गोष्टी घाबरवतात. वीज गेल्यावर फाईल उघडताना ती कुलूपबंद असल्याचा संदेश येतो. दुसऱ्या कुणी ती उघडलेली नसेल तर ‘तरीही उघडा’ हा पर्याय निवडायला हरकत नाही. नवी फाईल मात्र बनवू नका, नाहीतर हिशेब दोन जागी फुटतो. दुसरे, ‘इम्बॅलन्स’ नावाचे खाते आपोआप तयार होते. ज्या नोंदीला दुसरी बाजू दिली नाही ती तिथे साठते, म्हणून ते खाते पुसू नका. त्यातली एकेक नोंद तिच्या जागी पाठवा, खाते आपोआप शून्यावर येते.

मेळ बसल्यावर वार्षिक जमाखर्चाचा तक्ता काढून उपयोग नाही. जकात वर्षभराच्या कमाईवर नसते, निसाबाला वर्ष पूर्ण होते त्या दिवशी हातात असलेल्या मालावर असते. म्हणून ताळेबंद निवडा आणि त्यावर आपली तारीख स्वतः घाला. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने ही इंग्रजी तारीख दरवर्षी अलीकडे सरकते, सॉफ्टवेअर ती आपणहून सरकवत नाही. घरातले सोने त्यात बहुधा नसते. ते वजन करून त्या दिवसाच्या भावाने वेगळे मांडा आणि ताळेबंदाची छापील प्रत हिजरी तारीख लिहून फाईलला लावा.