खजुराच्या डब्यातला चांद

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग थांबतात. आठवडाभर चाललेला खडखडाट बंद पडला की गल्लीत माणसांचे आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात. रमजानला आठ-दहा दिवस उरले असतानाच्या अशाच एका शुक्रवारी, जुम्याची नमाज आटोपून आलेला एक मिस्त्री ओट्यावर पसारा मांडून बसला होता. खजुराचा रिकामा चौकोनी डबा, काळा चार्ट पेपर, दोन जुन्या सीडी, बॉलपेनची जाडसर नळी, रबरबँड आणि शाळेच्या वहीचे एक पान. पानावर पेन्सिलीने एक दिवा काढलेला. हा माणूस एरवी मागांची दुरुस्ती करतो. शेजारी त्याची सात वर्षांची मुलगी बसली होती. दिवा तिच्यासाठीच होता आणि तो कसा असावा, याबद्दल तिची मते ठाम होती.

घरात धाकटा भाऊ आला तेव्हापासून ती अम्मीजवळून उठून दादीच्या खोलीत झोपते. वर्षभर निभावले, पण रमजानची तिला धास्ती होती. गेल्या वर्षी सहरीला सगळे उठून स्वयंपाकघरात गेले, दादीही गेली, आणि जाग आल्यावर ही अंधारात एकटीच. त्या रात्रीचे रडणे घरात कोणी विसरलेले नाही. म्हणून यंदा अब्बूंनी कबूल केले होते, की खोलीत तारे फिरतील असा दिवा करू. मुलीने अट वाढवली, ‘‘आणि चांदही हवा. खरा. रोज बदलणारा.’’

फिरत्या दिव्याची हौस जुनी आहे. मेणबत्तीभोवती कागदाचे हलके नळकांडे, त्याच्या माथ्यावर तिरप्या पात्यांचा पंखा. ज्योतीची गरम हवा वर जाताना पात्यांना ढकलते, नळकांडे फिरते आणि त्यावरचे हत्ती-घोडे कागदी आवरणावर सावल्या होऊन धावू लागतात. फारसी-उर्दूत याला फानूस-ए-खयाल म्हणतात. उमर खय्यामच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध रुबाईत साऱ्या जगालाच या फानूसची उपमा दिली आहे. कैरोच्या गल्ल्यांमध्ये आजही रमजान आला की मुलांच्या हातात रंगीत काचांचा फानूस येतो. फातिमी खलिफा अल-मुइज्ज रमजानमध्ये शहरात आला तेव्हा लोक दिवे घेऊन स्वागताला निघाले आणि तिथून ही रीत पडली, असे परंपरा सांगते. हाच शब्द मराठीत ‘फाणस’ होऊन राहिला. दिवाळीत आपण जो कंदील टांगतो, त्याचे नावही अरबी ‘किंदील’वरूनच आलेले.

मेणबत्ती मात्र मुलीच्या खोलीत चालणार नव्हती. झिरोचा बल्बही नको. नावाला झिरो असला तरी तो बारा-पंधरा वॅट वीज घेतो आणि कागदाजवळ ठेवावा इतका थंड राहत नाही. म्हणून प्रकाशाला एक वॅटचा पिवळसर एलईडी आणि फिरवायला मोटर, असे ठरले. पिवळसर यासाठी, की निळसर पांढरा प्रकाश झोपेच्या आड येतो.

पहिली मोटर निवडण्यात गफलत झाली. एका मित्राच्या दुकानात बंद पडलेल्या मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी मोटर होती. फुकट मिळाली, आवाजही फारसा नव्हता, मिनिटाला पाच फेरे. जोडून पाहिले तर भिंतीवर तारे नुसते पळत सुटले. गणित साधे होते. दिव्यापासून भिंत दोन मीटरवर, म्हणजे ताऱ्याच्या एका फेऱ्याला सुमारे साडेबारा मीटरचा घेर. तो बारा सेकंदांत पुरा करायचा तर सेकंदाला मीटरभर धाव. मुलगी म्हणाली, ‘‘अब्बू, यांच्यामागे कुणी लागलंय का?’’ ती मोटर आणखी एका कारणाने बाद झाली. ती थेट 230 व्होल्टवर चालते. मुलांचा हात जिथे पोहोचतो, तिथे घरी जोडलेली 230 व्होल्टची तार असूच नये, हा मिस्त्रीचा नियम. मागाखात्यात बसलेले झटके त्याला आठवत होते.

मग मोबाइलच्या चांगल्या प्रतीच्या चार्जरवर सगळा दिवा चालवायचा, असे ठरले. चार्जर उंचावरच्या सॉकेटमध्ये, तिथून खाली येते ती फक्त पाच व्होल्टची वायर. 12 व्होल्टवर मिनिटाला 10 फेरे देणारी गिअरची छोटी मोटर पाच व्होल्टवर चालवली की तिचे फेरे चारच्या आसपास येतात. तरीही जास्तच. इथे मिस्त्रीचे हात आपोआप ओळखीच्या वाटेला लागले. मागावर वेग कमी करायचा तर काय करतात? लहान पुली, मोठी पुली आणि मध्ये पट्टा.

मोठी पुली झाल्या दोन सीडी. दोन्हींच्या मध्ये जरा लहान व्यासाची पुठ्ठ्याची चकती चिकटवली की कडेला आपसूक खाच पडते आणि पट्टा घसरत नाही. मोटरच्या दांड्यावर सेंटिमीटरभर जाडीची लहान पुली, पट्टा म्हणून रबरबँड. वेग साधारण दहापट कमी झाला. आता एका फेऱ्याला अडीच मिनिटे लागणार आणि तारा भिंतीवरून सेकंदाला जेमतेम आठ सेंटिमीटर सरकणार. रबराचा दुसरा फायदा असा, की मोटरची घरघर वरच्या नळकांड्यापर्यंत पोहोचत नाही. मोटरीखाली जुन्या चपलेच्या स्पंजाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे डबा तबल्यासारखा घुमणार नाही.

सीडीच्या मधल्या छिद्राने आणखी एक अडचण सोडवली. नळकांडे फिरले पाहिजे, पण एलईडी स्थिर हवा, नाहीतर वायरींना पीळ पडून त्या तुटतात. बॉलपेनची नळी डब्याच्या तळाला पक्की करून सीडीच्या छिद्रातून वर काढायची, वायरी तिच्या पोटातून न्यायच्या आणि टोकावर एलईडी बसवायचा. नळी जागची हलत नाही, सीडी आणि तिच्यावरचे काळे नळकांडे तिच्याभोवती फिरत राहते.

ताऱ्यांच्या छिद्रांवरून बापलेकीत खरा वाद झाला. मुलीने कंपासच्या टोकाने मोठमोठी भोके पाडली आणि भिंतीवर तारे थाळीएवढे उमटले. एलईडीपासून कागद पाच सेंटिमीटरवर आणि भिंत 200 सेंटिमीटरवर असेल, तर छिद्राचा ठसा चाळीसपट मोठा पडतो. दोन मिलिमीटरचे भोक भिंतीवर आठ सेंटिमीटरचे होते. म्हणून दुसऱ्या कागदावर शिवणाची सुई घेतली. प्रकाशाचा ठिपका जितका लहान तितका तारा रेखीव. एलईडीवर दुधी झाकण ठेवले तर सगळे धूसर होते, हेही करून पाहिले. चंद्रकोरीच्या पोटात तारा काढण्याचा बेतही होता, पण तो मुलीनेच खोडला. कोरीच्या आतला काळा भागही चांदच असतो, मग त्याच्या पुढे तारा दिसेल कसा, हे तिला शाळेत समजले होते.

आता उरला चांद, रोज बदलणारा. एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात. चाकाला अर्धा दात कापता येत नाही. यावर घड्याळे बनवणाऱ्यांनी काढलेला तोडगा सुंदर आहे. चकतीवर समोरासमोर दोन चांद रंगवायचे आणि चाकाला 59 दात ठेवायचे. रोज एक दात पुढे. पुढच्या गोल खिडकीच्या दोन्ही कडांना फुगीर पडदे असले, की त्यामागून सरकणारा चांद कोरीपासून पौर्णिमेपर्यंत आणि परत कोरीपर्यंत दिसतो. एक मावळला की दुसरा उगवायला तयार.

ही विद्याही जुनीच. हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या अल-बिरुनीने चंद्राच्या कला दाखवणाऱ्या दातेरी चाकांच्या यंत्राचे वर्णन हजार वर्षांपूर्वी केले आहे आणि त्यात 59 दातांची चाके आहेत. इस्फहानच्या मुहम्मद इब्न अबी बक्र याने 1221-22 मध्ये घडवलेले असेच एक पितळी यंत्र ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आजही आहे. पाठीमागच्या गोल झरोक्यातून त्यात चांद दिसतो.

दात एकेक करून पुढे सरकवण्याची युक्ती मिस्त्रीला शिकवावी लागली नाही. मागावर विणलेले कापड रोलरवर गुंडाळले जाते ते दातेरी चाक आणि खिट्टीच्या जोरावर. धोट्याच्या एकेका फेकीला चाक एक दात सरकते आणि खिट्टी त्याला मागे येऊ देत नाही. तेच चाक प्लायवूडचे करायचे. प्रश्न एवढाच होता, की ते ढकलायचे कोणी? मोटर लावता आली असती. आधी बेतही तोच होता.

बेत बदलला तो दादीमुळे. दिव्याला सर्वात मोठा विरोध तिचाच होता. झोपताना दिवे विझवावेत, असे हुजूर पैगंबरांनी सांगितल्याचे ती लहानपणापासून ऐकत आली होती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ही शिकवण आहे आणि सोबत कारणही आहे. उंदीर जळती वात ओढून नेतो आणि घरच्यांसकट घर पेटते. तेराव्या शतकातील इमाम नववी यांनी यावर लिहिताना मशिदीत टांगलेल्या कंदिलांचा उल्लेख केला आहे. आगीची भीती नसेल तर हरकत नसावी, कारण ज्यासाठी मनाई ती गोष्टच तिथे उरत नाही, असे त्यांचे म्हणणे.

मुलाने हे सारे समजावले. दादीने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘उंदीर नाही, मान्य. पण ही वायर रात्रभर तापली तर? आणि पोरीला रात्रभर उजेडाची सवय लागली तर सासरी काय मोटर घेऊन जाणार आहे?’’

पहिल्या प्रश्नात शिकवणीचे मर्म होते आणि दुसऱ्यात आजीचे. मुलगी सासरच्या उल्लेखाने फुरंगटली, पण मिस्त्री विचारात पडला. वहीच्या पानावर त्या संध्याकाळी दोन ओळींची भर पडली. पहिली, सॉकेटला टायमर. ताऱ्यांनी फक्त अर्धा तास फिरायचे, मुलीला झोप लागेपर्यंत, आणि मग आपोआप विझायचे. सहरीला घरातले उठतील त्याच्या थोडे आधी पुन्हा लागायचे, म्हणजे जाग आलीच तर खोली काळी नसेल. बाकी रात्र अंधारी. ईदनंतर दर आठवड्याला अर्ध्या तासातली थोडी मिनिटे कमी करायची. रिमोटचा विचार सोडून दिला, कारण त्यातला बटणसेल रांगत्या भावाच्या तोंडात गेला तर जिवावर बेतू शकते.

दुसरी ओळ चांदाबद्दल होती. चांदाला मोटर नाही.

कारण साडेएकोणतीस ही केवळ सरासरी आहे. दोन अमावस्यांमधले खरे अंतर कधी सव्वाएकोणतीस दिवसांच्या जवळ येते, तर कधी पावणेतीसच्याही थोडे पुढे जाते. शिवाय महिना बदलतो तो चाकाने सांगितले म्हणून नाही, आभाळात कोर दिसली म्हणून. एकोणतिसाव्या संध्याकाळी डब्यातला चांद काहीही म्हणो, उद्या रोजा की ईद हे गच्चीवर ठरते आणि चांद कमिटीच्या निरोपाची वाट पाहिली जाते. मोटरने आपल्या हिशेबाने ईद आणली आणि आभाळाने नाही आणली, तर मुलीने कोणावर विश्वास ठेवायचा?

म्हणून रोज इफ्तारनंतर मुलीनेच बोटाने एक दात पुढे करायचा. खट असा आवाज झाला पाहिजे, ही तिची अट. खिट्टीला स्प्रिंग लावून ती मान्य झाली. एकोणतिसाव्या इफ्तारनंतर चाकाला कोणी हात लावायचा नाही. आधी गच्चीवर जायचे. कोर दिसली तर खिट्टी उचलून चाक नव्या चांदावर आणायचे, नाही दिसली तर एक दात आणखी. शेवटच्या अशऱ्यात सहरीच्या वेळी पूर्वेला उतरता चांद असतो. तो खिडकीतून दाखवून डब्यातल्या चांदाशी ताडून पाहायचे कामही तिच्याकडे आले. ज्या वेळेची भीती वाटत होती, त्याच वेळी आता तिला काम होते.

पहिला दिवा पुरा झाला तेव्हा पट्टा दोनदा निसटला आणि एक तारा दादीच्या बरोबर डोळ्यांवर येऊ लागला. तेवढे भोक काळ्या टेपने बुजवले. रात्री दादी भिंतीकडे तोंड करून पडली होती. अर्ध्या तासाने टायमर वाजला, टक्. तारे विझले. अंधारात मुलीने विचारले, ‘‘दादी, घाबरलीस का?’’

‘‘नाही. तू?’’

उत्तर आले नाही. ती झोपली होती.